दोन पुस्तकं, एक सर्वेक्षण आणि कडेला राहिलेला गुंठा

संशोधनाला लागण्याआधी विषयाचा इतिहास वाचा, असं सगळेच सांगतात. तो कसा वाचायचा हे फारसं कुणी सांगत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी तर इतिहास म्हणजे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातली दोन पानं, बस्स. म्हणून आज एकाच घटनेवरची दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघू. एक जॉन के यांचं 'द ग्रेट आर्क' (२०००), दुसरं मॅथ्यू एडनी यांचं 'मॅपिंग ॲन एम्पायर' (१९९७). सर्वेक्षण, जीआयएस, भूगोल किंवा भूशास्त्र यांपैकी कशातही काम करणार असाल, तर यातलं एक तरी पुढे तुमच्या वाट्याला येणारच.

घटना थोडक्यात अशी. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक रेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची माळ साधारण ७८ अंश पूर्व रेखांशाच्या कडेने उत्तरेकडे सरकत गेली. १८१५ मध्ये बिदरजवळ, म्हणजे आपल्या सोलापूरपासून सरळ रेषेत साधारण १७० किलोमीटरवर, आणखी एक आधाररेषा मोजून गणित तपासलं गेलं. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन वारला, तोही महाराष्ट्रातच, हिंगणघाटला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं.

के यांचं पुस्तक एका बैठकीत संपतं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं, आणि लॅम्बटनने स्वतःला कोंडून घेऊन सहा आठवडे ठोकठाक करत त्याचं वाकलेलं वर्तुळ सरळ केलं. हा प्रसंग वाचताना कुणीही हरखून जाईल. जंगल, हिवताप, वाघ, सगळं आहे. गोष्ट सांगावी तर अशी.

पण या पुस्तकात प्रत्येक गोष्टीचं मोल कष्टाच्या मापाने ठरतं. इतके लोक तापाने मेले, इतकी वर्षं लागली, म्हणजे काम केवढं थोर! वाचता वाचता आपल्याही नकळत आपण मान्य करून बसतो की एवढ्या यातना सोसल्या म्हणजे नकाशा अचूकच असणार. हा तर्क आपल्याकडे फार चालतो. पीएच.डी.च्या सादरीकरणात 'सर, मी चारशे नमुने उन्हातान्हात फिरून गोळा केलेत' असं सांगणारा विद्यार्थी हेच करत असतो. नमुने किती घेतले यावरून ते योग्य ठिकाणचे होते का, हे कळत नाही. के यांच्या वाचकालाही कळत नाही की या त्रिकोणांवरून प्रत्यक्षात कोणते नकाशे निघाले आणि ते वापरले कुणी.

एडनी नेमकं तेच विचारतात. त्यांचं पुस्तक १७६५ ते १८४३ या काळावर आहे आणि त्याचा मूळ दावा असा: त्रिकोणमितीय सर्वेक्षण हा कंपनी सरकारचा आदर्श होता, व्यवहार वेगळाच होता. सगळा देश एकाच पक्क्या चौकटीत बसवायचा हे ध्येय. पण पैसा कमी, माणसं कमी, घाई जास्त. त्यामुळे एका इंचाला चार मैल या मापाच्या 'ॲटलस ऑफ इंडिया'पासून सगळीकडे तडजोडी झाल्या आणि हाताशी असलेली बरी-वाईट मोजणी एकत्र जोडली गेली. नकाशा मात्र एकसंध दिसतो. सांधे दिसत नाहीत. हा एकसंधपणा राज्यकर्त्यांना हवा होता, असं एडनी म्हणतात, आणि कागदपत्रं दाखवून म्हणतात. जेम्स रेनेलच्या १७८२ च्या नकाशावरचं सजावटीचं चित्र बघा: ब्राह्मण आपले ग्रंथ ब्रिटानियाच्या हवाली करताहेत. आपण नकाशा उघडला की मापपट्टी शोधतो, कोपऱ्यातल्या चित्राकडे लक्ष देत नाही. एडनी वाचल्यावर ती सवय मोडते.

भाषा जड आहे, हे आधीच सांगतो. फुको वगैरे मंडळी सारखी डोकावतात. पहिल्या खेपेला प्रस्तावना वाचा आणि प्रत्यक्ष मोजणीच्या व्यवहाराबद्दलच्या प्रकरणांकडे सरळ उडी मारा.

तरीही एडनींशी माझं एक भांडण आहे. अचूकता हा राज्यकर्त्यांचा एक समज होता, हे वाचून विज्ञानाचा विद्यार्थी दोन चुका करू शकतो. एक, चिडून पुस्तक मिटवतो. दोन, जास्त धोकादायक, 'म्हणजे अचूकता वगैरे काही नसतंच' असं लिहून मोकळा होतो. इथे एक आकडा लक्षात ठेवा: ५.२३६ सेकंद. मध्य प्रदेशातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना या दोन स्थानकांच्या अक्षांशांतलं अंतर त्रिकोणांवरून काढलं आणि ताऱ्यांवरून काढलं, तर दोन्हींत एवढाच फरक येत होता. सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. जमिनीवर हा फरक साधारण १६० मीटर होतो, तोही सुमारे ६०० किलोमीटरमध्ये. चूक म्हणून वाटून टाकता आला असता. पण कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला किती खेचेल याचं गणित केलं. उत्तर आलं १५.८८५ सेकंद, म्हणजे दिसणाऱ्या फरकाच्या तिप्पट. हिमालय जितका दिसतो तितका ओढत नव्हता! १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की डोंगरांखाली हलक्या खडकाची मुळं खोल गेलेली असावीत. भूसंतुलनाची कल्पना इथून उभी राहिली.

हा काळ एडनींच्या पुस्तकानंतरचा, त्यामुळे तो त्यांनी घेतला नाही याची तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच की त्यांची चौकट जशीच्या तशी उचलली तर या ५.२३६ ला ठेवायला जागाच सापडत नाही. तो कुणाच्याही सोयीचा आकडा नव्हता. मोजणारे साम्राज्याचे नोकर होते आणि मोजमापही खरं होतं. दोन्ही एकत्र धरून लिहिणं अवघड आहे, आणि ते काम तुमच्यासाठी शिल्लक आहे.

दुसरी गोष्ट आपल्या भागातली, आणि ती दोन्ही पुस्तकांच्या कडेला राहते. सोलापुरातल्या शेतकऱ्याने त्रिकोणमितीचा नकाशा कधी पाहिला नाही. त्याच्या दारात आला तो महसुली मोजणीचा नकाशा. १८२० च्या दशकाच्या शेवटी आर. के. प्रिंगल यांनी पुणे भागात जमीन मोजून निव्वळ उत्पन्नावर सारा ठरवायचा घाट घातला. कागदावर सुबक, रानात फसला. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी भीमेच्या पलीकडे इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे आपल्याकडच्या तालुक्यांत आली. मातीचा पोत, खोली आणि दोष बघून १६ आण्यांच्या पट्टीवर जमिनीची प्रत ठरू लागली. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही गुंठेवारीचे व्यवहार होतात ते त्याच साखळीच्या हिशेबात.

हे गावनकाशे शंकू-साखळीने गावापुरते केलेले, त्रिकोणांच्या माळेशी न जोडलेले. गावाच्या आत ते चांगले जुळतात. पण शेजारच्या दोन गावांचे नकाशे उपग्रहचित्रावर बसवायला घ्या, की शिवेवर कुठे फट पडते, कुठे एकावर एक चढतात. मोजणीदार आता रोव्हर घेऊन येतो आणि बांधावरचं भांडण मिटण्याऐवजी कधी कधी वाढतं, त्याचं एक कारण हे आहे. रोव्हरचा बिंदू आणि जुन्या टिपणातली साखळी एकाच चौकटीत नाहीत. त्रिकोणांचं सर्वेक्षण देशभर गेलं खरं, पण सातबाऱ्यापर्यंत पोचलं नाही. एडनींचा मुद्दा याहून चांगल्या उदाहरणाने सिद्ध झाला नसता, आणि नेमकं हेच उदाहरण मराठीत मोडीसकट वाचू शकणाऱ्या माणसाची वाट बघतंय.

तेव्हा के आधी वाचा, मजा म्हणून. मग एडनी, पेन्सिल घेऊन. आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशाची नक्कल मिळते, तिच्यासाठी अर्ज करा. अर्ज शेजारच्या दोन गावांचा करा, एकाच गावाची नक्कल घेतलीत तर शिवेवरचा घोळ दिसणार नाही.