बटण आणि तुटलेली तार

आर्डुइनो बोर्डाबरोबर नवशिक्यांना जी उदाहरणे मिळतात त्यांत ‘बटन’ हा छोटासा धडा आहे. २००५ साली लिहिलेला, २०११ मध्ये सुधारलेला. नीती आयोगाने २०१६ साली सुरू केलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे हा बोर्ड शाळाशाळांत पोचला, तसा हा धडाही. बटण दाबले की दिवा लागतो, सोडले की विझतो. एवढेच.

धडा चांगला आहे. २ क्रमांकाची पिन ग्राउंडला १० किलो-ओहमच्या रोधातून जोडायला तो विसरत नाही. पण रोध कशासाठी, हे मांडणी सांगून झाल्यावर येते. शिक्षकांनी क्रम उलटवावा असे आम्हाला वाटते. आधी रोध लावूच नये. पिनेला नुसती लांब तार जोडून बोट जवळ न्यावे. दिवा वाटेल तसा लुकलुकू लागतो. कशालाच न जोडलेली पिन शून्यावरही नसते आणि पाच व्होल्टवरही नसते. आजूबाजूची वीज तिला हवे तिकडे ओढते. मग रोध जोडून मुलांना गणित घालावे. पिनेतून फार तर एक मायक्रोॲम्पियर प्रवाह गळतो. गुणिले दहा हजार ओहम, म्हणजे १० मिलिव्होल्ट. ऊनो बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर १.५ व्होल्टपर्यंतचा दाब शून्यच मानतो. रोध १० ओहमचा घेतला तर? (हे फळ्यावरच सोडवावे, करून पाहू नये!)

आमची खरी तक्रार पुढेच आहे. या धड्याला बटणाच्या दोनच अवस्था ठाऊक आहेत. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत तिसरीही मोजावी लागते: तार तुटलेली. तिथल्या प्रेसवर दोन हातांनी दोन बटणे एकदम दाबावी लागतात, म्हणजे हात साच्यात राहत नाहीत. धड्यातल्या चित्रात रोध बटणाच्या पायाशी आहे. तिथून पिनेकडे जाणारी तार निसटली तर पिन पुन्हा तरंगते, आणि ‘चालू’चे बटण कोणी न दाबताही दाबल्यासारखे वाटू शकते. रोध पिनेपाशीच हवा.

‘बंद’च्या बटणाचे आणखी अवघड. धड्याच्या पद्धतीने जोडले आणि पाच व्होल्टची तार तुटली, तर बोर्डाला ‘दाबलेले नाही’ एवढेच कळते. यंत्र चालत राहते आणि दोष ऐन वेळी उघडा पडतो. म्हणून यंत्रावरच्या लाल छत्रीसारख्या बटणाचे संपर्क एरवी जुळलेले असतात, दाबल्यावर सुटतात. बटण दाबा की तार तोडा, परिणाम एकच: यंत्र थांबते. (खऱ्या यंत्रावर हे काम एकट्या मायक्रोकंट्रोलरवर सोपवत नाहीत, वेगळी सुरक्षा-रिले असते.)

पेटीतल्या चार पायांच्या बटणात ही सोय नाही. तीन टोकांचा मायक्रोस्विच आणून त्याचे एरवी जुळलेले टोक वापरावे. आज्ञावली तीच चालते, दिव्याचा अर्थ तेवढा बदलतो: पेटलेला दिवा म्हणजे यंत्र चालू. मग एका मुलाला बटण दाबायला सांगावे आणि दुसऱ्याला तार उपटायला.