कर्ता नसलेली वाक्यं

शहरं शाश्वत कशी करायची, यावर तज्ज्ञांचे परिसंवाद आता सतत होत असतात. त्यात वास्तुरचनाकार असतात, पर्यावरण अभियंते असतात, प्रशासकीय अधिकारी असतात, आणि माणसं अभ्यासू असतात यात शंका नाही. आज मला त्यांच्या हेतूबद्दल बोलायचं नाही. मला त्यांच्या भाषेबद्दल बोलायचं आहे. आणि उदाहरण घ्यायचं आहे कचऱ्याचं, कारण तिथे ही भाषा सगळ्यात लवकर उघडी पडते.

अशा चर्चांमधली वाक्यं कशी असतात, आठवून पाहा. ‘कचऱ्याचे उगमस्थानी वर्गीकरण केले जाईल.’ ‘सुका कचरा पुनर्चक्रीकरणासाठी पाठवला जाईल.’ ‘लँडफिलवरील भार कमी केला जाईल.’ शाळेत आपण कर्मणी प्रयोग शिकलो, त्याचे हे नमुने. क्रिया आहे, कर्म आहे, कर्ता मात्र नाही. वर्गीकरण कोण करणार? ओल्यातून सुकं वेगळं काढताना कोणाचा हात कापणार? वाक्य याबद्दल गप्प असतं.

कोणी म्हणेल, ही सरकारी मराठीची सवय आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? माझं म्हणणं असं की ही नुसती सवय नाही. कर्ता वाक्यातून गेला की तो आराखड्यातूनही जातो, आणि मग आराखडा फसतो. दोन उदाहरणं देतो.

पहिलं दिल्लीचं. 1987 मध्ये तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीनं कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. रोज 300 टन कचरा जाळायची त्याची क्षमता होती. तो थोड्याच काळात बंद पडला, कारण आलेल्या कचऱ्यात पुरेशी उष्णताच नव्हती. आपल्याकडचा कचरा ओला असतो, त्यात धूळमाती असते. आणि कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, म्हणजे जळण्यासारखं जे असतं, ते गाडीत पडण्याआधीच कोणीतरी वेचून भंगारात विकलेलं असतं. कचराकुंडीपाशी काम करणाऱ्या कोणत्याही बाईनं ही गोष्ट दोन मिनिटांत सांगितली असती. पण यंत्राचं गणित मांडताना ‘कचरा’ हा एक आकडा होता. त्या आकड्याला आधी कोणाचा हात लागतो, हा प्रश्न त्या गणितात नव्हता.

दुसरं उदाहरण इजिप्तचं. कैरोमध्ये झब्बालीन नावाचा समाज कित्येक दशकं घरोघरचा कचरा उचलत आलाय. सुकं विकायचं, ओलं डुकरांना घालायचं, अशी त्यांची व्यवस्था. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारनं स्पेन आणि इटलीच्या कंपन्यांना कंत्राटं दिली. कंपन्यांनी रस्त्यावर पेट्या ठेवल्या. लोकांना मात्र दारातून कचरा द्यायची सवय होती. मग 2009 मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीनं डुकरं मारून टाकली गेली आणि ओला कचरा रस्त्यांवर साचू लागला. आज ज्याला सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात, तिचा एक चालता नमुना त्या शहराकडे होता. त्याला तसं नाव नव्हतं, म्हणून तो कोणाला दिसला नाही.

आता पुण्याकडे येऊ, कारण इथे कर्ता वाक्यात परत आला. कोणी दयेनं आणला नाही, तो स्वतः आला. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली. पुढे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. दारात कचरा घ्यायला येणारी बाई त्या संस्थेची सभासद असते. घरांनी दिलेली फी आणि भंगाराची विक्री हे तिचं उत्पन्न.

याचा ज्ञानाशी काय संबंध, असं विचाराल. प्रयोगशाळेत ‘पुनर्चक्रीकरणयोग्य’ ठरलेली वस्तू भंगारवाला घेतोच असं नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाचंच बघा. ते बहुधा कोणी विकत घेत नाही, आणि हे वेचणारीला रोजच्या हिशोबातून माहीत असतं. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे हाताळावे लागू नयेत, म्हणून ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, ही मागणी याच बायकांनी पुण्यात लावून धरली. पुढे 2016 च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत ते टाकण्यासाठी पाऊच किंवा वेष्टन देण्याची तरतूद आली, आणि कचरावेचकांचा उल्लेखही आला. नियमात नाव येणं ही छोटी गोष्ट नाही.

पण इथे एक सावधगिरी हवी. हल्ली तज्ज्ञांच्या चर्चेत पुण्याचं नाव ‘मॉडेल’ म्हणून घेतलं जातं, आणि तेवढ्यावर विषय संपतो. या कामात बहुसंख्येनं दलित बायका का आहेत, हे कोणी विचारत नाही. कराराची मुदत संपत आली की दर वेळी त्यांच्या पोटाचा प्रश्न टांगणीला का लागतो, हेही विचारलं जात नाही. म्हणजे कर्ता आधी गाळला होता, आता त्याची स्लाइड केली. दोन्हीकडे त्याला बोलायची संधी नाहीच.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. लाखो लोकांच्या शहराला गाड्या लागतात, कंपोस्ट आणि बायोगॅसचे प्रकल्प लागतात, अभियंते लागतात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरातल्या बायकांनी कचरा वेचत राहावं, असं तर मुळीच म्हणायचं नाही. उलट, काम कोण करतं हे उघड लिहिलं तरच त्याची मजुरी, हातमोजे, आजारपण आणि मुलांची शाळा यांचा हिशोब बजेटमध्ये मांडता येतो. कर्ता गाळला की काम फुकट झाल्यासारखं दिसतं, आणि शहर ‘शाश्वत’ दिसतं ते त्या फुकटच्या जोरावर.

म्हणून एक साधी कसोटी सुचवतो. यापुढे असा परिसंवाद ऐकाल, तेव्हा ‘केले जाईल’ म्हटलं की मनात विचारा: कोण करणार? किती पैशांत? आणि हा आराखडा करताना त्यांना विचारलं होतं का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर तो आराखडा गंभीरपणे घ्या. नाही मिळाली, तर प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर करा.

तर आता तुमचे प्रश्न घेऊ.