'मुलगी झाली हो' आणि आपला उंबरठा

स्त्री मुक्ती संघटनेचे 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ साली आले. ज्योती म्हापसेकर यांनी ते लिहिले आणि संघटनेच्या बायकांनीच ते उभे केले. पुढे त्याचे हजारो प्रयोग झाले, अनेक भारतीय भाषांत ते गेले. मराठी स्त्री-चळवळीचा इतिहास या नाटकाला वगळून लिहिता येत नाही, हे आता सर्वमान्य आहे. आम्हांला मात्र त्याविषयी एक जुनी आणि काहीशी अवघड आठवण सांगायची आहे.

हे नाटक आम्ही लहानपणी आईबरोबर एका शाळेच्या पटांगणात पाहिले. बायका खूप हसल्या, मग गप्प झाल्या, काहींनी डोळे पुसले. परत येताना आई म्हणाली, "नाटक चांगलं होतं. पण हे त्यांच्यातलं. आपल्यात कुठे हुंडा असतो?" त्या वेळी शेजारच्या खालाबी आमच्याबरोबर चालत होत्या. खालाबींचा उजवा हात कोपरापासून वाकडा का होता, हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होते. आईलाही होते. खालाबी म्हणाल्या, "खरं आहे."

गेल्या काही वर्षांपासून आमचे वास्तव्य पनवेल तालुक्यात, उलव्याला आहे. यंदा आमच्या इमारतीतल्या बायकांनी आठ मार्चला संगीत खुर्चीऐवजी एखादे नाटुकले करावे, घरातल्या मारहाणीवर करावे, अशी टूम काढली आणि संहिता शोधण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. तेव्हा पुन्हा 'मुलगी झाली हो'कडे वळलो, आणि आईचे ते वाक्य कानांत वाजू लागले. हा लेख त्यातूनच निघाला आहे.

ज्या काळात हे नाटक जन्मले तो काळ आधी थोडक्यात आठवू. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, त्याच वर्षी विवाहितेच्या छळाचे कलम ४९८अ आले. दिल्लीत हुंडाबळींवरचे 'ओम स्वाहा', जन नाट्य मंचाचे 'औरत' ही पथनाट्ये त्याच दोन-चार वर्षांतली. बायकांनी कायदा मागितला आणि त्याच दमात रंगमंचही मागितला.

'मुलगी झाली हो'चे बळ कशात आहे? आमच्या मते त्याच्या विचारात जितके आहे त्याहून अधिक त्याच्या अंगात आहे. नेपथ्य नाही. गाणे, नाच, घोळका. बायकाच बाप होतात, बायकाच नवरदेव होतात. पुरुषाची ऐट एखादी बाई करून दाखवते तेव्हा ती ऐट उसनी असते हे प्रेक्षकाला व्याख्यानाशिवाय कळते. नोकरी-घरकाम सांभाळून तालमीला येणाऱ्या बायकांनी हे केले, म्हणून समोर बसलेल्या बाईला वाटले की हे आपल्यालाही जमेल. समीक्षकांनी या नाटकाला प्रचारकी म्हटले तर ते खोटे नाही. पण ज्या प्रचारातून प्रेक्षक स्वतः नाटक करायला उठतो, त्याला नुसता प्रचार म्हणून बाजूला सारता येत नाही.

आणि तरीही खालाबी "खरं आहे" म्हणाल्या. का?

रंगमंचावरचे घर त्यांचे नव्हते म्हणून. कुंकू, मंगळसूत्र, हुंड्याची याद्यांवर याद्या. जुलमाची खूण म्हणून नाटकाने जे जे वापरले, ते सारे आमच्या उंबरठ्याबाहेरचे होते. आमच्यात हुंडा नाही, मेहर आहे, हे आम्ही अभिमानाने सांगत आलो. पण जहेजचे कपाट, फ्रीज आणि मोटारसायकल आमच्याही दारात कधीच आली आहे. आणि मेहर? तो निकाहनाम्यावर लिहिला जातो आणि बहुतेक घरांत जनाजा उठताना बायकोकडून माफ करून घेतला जातो. हे दृश्य कुठल्या नाटकात आहे? दुसऱ्याच्या घराचे नाटक पाहताना रडू येते आणि सुटकाही होते. आई रडली आणि सुटली. यात दोष नाटककर्त्यांचा नाही. त्यांनी स्वतःच्या अंगणाबद्दल लिहिले. आमच्या अंगणाबद्दल आम्ही लिहायला हवे होते.

पण लिहिण्याआधी पाहण्याचीच मारामार होती. हे नाटक यायच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमाला जाऊ नये अशी बंदी समाजाच्या पुढाऱ्यांनी घातली आणि रझिया पटेल या तरुण मुलीने तिच्याविरुद्ध लढा दिला. 'चाहूल' या आत्मकथनात तो आला आहे. ज्या समाजात बाईने पडद्यावरचे चित्र पाहायचे की नाही यावर लढा द्यावा लागतो, तिथे तिने स्वतः उभे राहून नवऱ्याची भूमिका करणे किती लांबची गोष्ट!

मात्र आपल्यात परंपराच नाही, असे म्हणणाऱ्यांशी आमचे मुळीच पटत नाही. मराठी शाहिरीत सगनभाऊ आमचे, बार्शीचे मेहबूब पटेल म्हणजे शाहीर अमर शेख आमचे. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकातून त्यांचा आवाज गिरणगावात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत घुमला. डफ आमच्या हातात होता. डफ धरणारी बाई मात्र नव्हती. अमर शेखांची मुलगी मलिका हिने १९८४ मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिले आणि आपल्या संसारातली हिंसा कोणताही आडपडदा न ठेवता मांडली. चळवळीतल्या घरातही काय घडते हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला सांगितले. पण पुस्तक एकटीने लिहायचे असते आणि एकटीनेच वाचायचे असते. नाटकाला दहा जणी लागतात.

उर्दूत तर याहून जुना दाखला आहे. १९३२ च्या 'अंगारे'मध्ये डॉ. रशीद जहाँ यांची 'पर्दे के पीछे' ही एकांकिका आहे. दोन बायका बोलत बसतात, एवढेच तिचे कथानक. वरचेवरच्या बाळंतपणांनी खंगलेली बायको आणि दुसऱ्या लग्नाची टांगती तलवार. मारहाणीचे एकही दृश्य नाही. तरी हिंसेवरचे इतके भेदक लेखन आम्ही नंतर फार थोडे वाचले. संयुक्त प्रांताच्या सरकारने १९३३ मध्ये त्या पुस्तकावर बंदी घातली, लेखिकेला धमक्या आल्या. नव्वद वर्षांनंतरही ही एकांकिका कोणत्याही सोसायटीच्या हॉलमध्ये दोन खुर्च्यांवर करता येईल.

आणि अगदी घरगुती परंपरा पाहायची तर लग्नघर पाहावे. आपल्याकडे कोकणातल्या आणि दख्खनच्या बायका लग्नात सासू, नणंद, नवरदेव कुणालाच सोडत नाहीत. ढोलकीवरची ती गाणी पुरुषांनी ऐकायची नसतात. अवधकडे तर बारात निघून गेली की मागे उरलेल्या बायका पुरुषांचे कपडे घालून रात्रभर सोंगे करतात, त्याला नकटौरा म्हणतात. आमच्या इमारतीत त्या भागातून आलेली कुटुंबे आहेत, त्यांतल्या एका आजींनी वयाच्या सत्तरीत आम्हांला दारू पिऊन आलेल्या नवऱ्याची चाल करून दाखवली. शिक्षण शून्य, अभिनय पक्का. आमची रंगभूमी याच खोलीत दडली आहे असे आमचे ठाम मत आहे. फक्त त्या खोलीचे दार पुरुषांसाठी उघडायचे की नाही, हा प्रश्न आहे.

इथे खरी भीती सुरू होते आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

१९८५ चा शाहबानो निकाल, १९८६ चा कायदा, आणि त्यानंतरची सगळी वर्षे यांनी आपल्याला एक गोष्ट शिकवली. मुस्लिम बाईचे अश्रू हे तिच्या मालकीचे राहत नाहीत. ते कुणीतरी उचलतो आणि त्याचा पुरावा करतो. २०१७ मध्ये तोंडी तिहेरी तलाक रद्द झाला, २०१९ मध्ये तो गुन्हा ठरला. तेव्हाही बाईच्या नावाने बोलणाऱ्यांत बाईला विचारणारे थोडेच होते. अशा हवेत आपल्या घरातली मारहाण चव्हाट्यावर नाटक करून दाखवायची म्हणजे दुसऱ्याच्या हाती काठी देणे, असे आपल्याकडचे चांगले, सुशिक्षित लोकही म्हणतात. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचा हिशेब कोण चुकते करतो? ती बाईच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या शंभरांतल्या सुमारे पंचवीस बायकांनी नवऱ्याची हिंसा सोसली आहे. त्यांत सगळ्या जातिधर्मांच्या बायका आहेत. समाजाची अब्रू मात्र आमच्याच बाईच्या पाठीवर ठेवलेली.

दुसऱ्या बाजूचे नाटकही आम्हांला चालत नाही. बाहेरच्या मंडळींनी आमच्यावर केलेली काही पथनाट्ये पाहिली. त्यात दाढीवाला येतो, तीनदा तलाक म्हणतो, निघून जातो. टाळ्या. असा माणूस आमच्या ओळखीत नाही. आमच्या ओळखीतला माणूस पाच वक्त नमाजी असतो, मुलांसाठी केळी आणतो, शेजाऱ्याच्या आजारपणात रात्रभर जागतो आणि घरात हात उगारतो. किंवा हातही उगारत नाही, तलाकही देत नाही, बायकोला माहेरी सोडून येतो आणि पुन्हा न्यायला जात नाही. २०१९ चा कायदा या माणसापर्यंत पोहोचत नाही. नाटक पोहोचू शकते. पण समोर बसलेल्या पुरुषाला आपला चेहरा दिसावा असे पात्र लिहिले तरच. खलनायक लिहिला की तो निर्धास्त होतो, म्हणतो, हा काही मी नव्हे.

मग दृश्य कोणते लिहावे? आमच्या मनात एकच आहे. जमातीची बैठक. सतरंजी, चहा, आठ-दहा वडीलधारी मंडळी. एका बाईचा निवाडा चालला आहे आणि ती बाई तिथे नाही. तिच्या वतीने भाऊ बोलतो, नवऱ्याच्या वतीने चुलता. हेही नाटकच आहे, फक्त सगळे नट पुरुष आहेत आणि नायिकेला प्रवेश नाही. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईला शरीफा खानम यांनी बायकांची जमात सुरू केली ती नेमक्या याच अन्यायातून. दीपा धनराज यांनी २०११ मध्ये तिच्यावर माहितीपट केला. आपल्या मुंबईत भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने २०१३ पासून औरतों की शरीयत अदालत चालवली. या बैठका पाहिल्या की वाटते, रिकामी जागा भरण्याचे काम नाटकाआधी बायकांनी प्रत्यक्षातच सुरू केले.

ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी सत्तरच्या दशकात एक पद्धत मांडली. नाटक अन्यायाच्या टोकावर नेऊन थांबवायचे आणि प्रेक्षकांना विचारायचे, तिच्या जागी तुम्ही असता तर? ज्याला सुचेल त्याने उठून तिची भूमिका करायची. बंगालच्या खेड्यांत १९८५ पासून संजय गांगुली यांची जन संस्कृती हेच करते. 'शोनार मेये' हे त्यांचे नाटक मुलीच्या लग्नावर आणि घरातल्या जाचावर आहे. आमच्या जमातीच्या दृश्याला ही पद्धत हातमोज्यासारखी बसते. बैठक थांबवायची. सतरंजीवरची रिकामी जागा दाखवायची. आणि म्हणायचे, या.

इथपर्यंत आमचा उत्साह होता. तो उलव्याच्या एका शेजारणीने जमिनीवर आणला. ती सगळे शांतपणे ऐकून म्हणाली, "आपा, नाटकात उठून बोलेन मी. पण नाटक संपल्यावर घरी कुणाबरोबर जायचं?"

या प्रश्नाला नाट्यशास्त्रात उत्तर नाही. स्त्री मुक्ती संघटनेने नाटकाबरोबर कुटुंब सल्ला केंद्रे का चालवली, टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष का उघडला, हे आम्हांला त्या एका वाक्यात कळले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. त्यात राहत्या घराचा हक्क आहे, संरक्षण अधिकारी आहे. पण नाटकाच्या रात्री साडेनऊ वाजता तो अधिकारी कुठे असतो?

उलव्याची गोष्ट तर आणखी वेगळी. विमानतळासाठी जी दहा गावे उठली त्यांत मूळ उलवे गावही होते. आता आहे तो सिडकोचा नोड, सेक्टरांचा आणि उंच इमारतींचा. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला, २५ डिसेंबर २०२५ पासून डोक्यावरून विमाने जाऊ लागली. मोहल्ला नाही, नाका नाही, गर्दी जमते ती लिफ्टपाशी. पथनाट्य करायला पथ हवा, तोच इथे नाही. मोहल्ल्यात खालाबींचा हात कुणी मोडला हे सर्वांना माहीत होते आणि सगळे गप्प होते. इथे दार बंद झाले की कुणाला कळतही नाही. कोणते वाईट, आम्हांला ठरवता आलेले नाही. एवढे मात्र दिसते की इथे जमातीचा धाकही सैल आहे. गोवंडीची, म्हसळ्याची, आझमगढची बाई एका मजल्यावर राहते आणि कुणाचा चुलता समोर बसलेला नसतो.

म्हणून यंदा आम्ही दार अर्धेच उघडायचे ठरवले. पहिला प्रयोग फक्त बायकांसाठी, क्लबहाऊसमध्ये. प्रयोगानंतर चहा, आणि चहाच्या वेळी एक वकील बाई व एक समुपदेशक बसतील, त्यांचे नंबर नाटकात कुठेही जाहीर होणार नाहीत, हळूच हातात दिले जातील. जिला त्या रात्री घरी जायचे नसेल तिच्यासाठी दोन घरे तयार ठेवली आहेत, त्यांतले एक आमचे. पुरुषांसमोरचा प्रयोग नंतर, आणि करणाऱ्या बायका म्हणतील तेव्हाच. संहिता अर्धी झाली आहे. चुलत्याची भूमिका त्या सत्तरीच्या आजी करणार आहेत, त्यांनी मिशीसाठी काजळही मागून घेतले. प्रश्न विचारणारी शेजारीण तालमीला येते, अजून कोणतीही भूमिका घेतलेली नाही, सतरंजी अंथरते आणि कडेला बसून पाहते.