उधना, मनमाड आणि वेगवान गाडी

बाबूराव बागुलांचे गाव विहितगाव, नाशिकरोड स्टेशनाच्या लगतचे. १९६३ साली त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. त्याच नावाच्या कथेतील विद्रोहाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ही एका रेल्वे कामगाराची कथा आहे, या गोष्टीला आपण पुरेसे महत्त्व दिले नाही असे मला वाटते. रेल्वेने नायकाला नोकरी दिली, सुरतजवळच्या उधन्यापर्यंत नेले. राहायला खोली मिळवण्यासाठी मात्र त्याला जात चोरावी लागली, आणि ती उघड झाल्यावर मार खावा लागला.

ही कथा मी पुन्हा काढून वाचली ती एका परिसंवादामुळे. विषय होता वेगवान रेल्वे आणि उत्तर महाराष्ट्राचा विकास. सर्व भाषणांत वाक्याचा कर्ता एकच होता, नाशिक. नाशिक मुंबईच्या जवळ येणार, नाशिकला उद्योग येणार, नाशिकचा कायापालट होणार. शेवटी सुरगाणा तालुक्यातील एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, ‘सर, आमच्या पाड्यावरची सकाळची एसटी चुकली तर त्या दिवशी नाशिकला येणं होत नाही. ही गाडी आम्ही कुठून पकडायची?’ सभागृहात लोक हसले. मला त्या हसण्याची समीक्षा करायची आहे.

प्रदेशाला माणसासारखे एक तोंड आणि एक पोट असते, असे मानून बोलणे ही प्रस्थापितांच्या भाषेची जुनी लकब आहे. ‘गावाने ठरवले’ असे म्हटले जाई तेव्हा त्या गावात महारवाडा कधी नसे. आज ‘नाशिकला फायदा होईल’ असे म्हटले जाते तेव्हा त्या नाशिकात सुरगाणा नसतो, पेठ नसतो, सिन्नरच्या शेतावर रोजाने जाणारी बाई नसते.

प्रत्यक्ष व्यवहार काय आहे? मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. लांबी ५०८ किलोमीटर, मूळ अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये. तो केव्हाच मागे पडला आहे. २०२२ साली धावणार होती ती गाडी त्या साली धावली नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला पाच हजार कोटींचे भांडवल आणि बारांपैकी चार स्थानके आली. ती कोणती? वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर. म्हणजे पैसा साऱ्या महाराष्ट्राच्या तिजोरीतला आणि स्थानके राजधानीच्या अंगणातली. पालघरचे आदिवासी जमिनीसाठी विरोधात उभे राहिले, तेव्हा त्यांना विकासाचे विरोधक म्हटले गेले. आणि नाशिकला काय मिळाले? मुंबई–नागपूर मार्गाचा आराखडा, ज्याच्या नकाशावर नाशिक हा एक ठिपका आहे.

कर्ज जपानचे आहे, म्हणून अनुभवही जपानचा पाहावा. टोकियो–ओसाका मार्ग १९६४ साली सुरू झाला. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता, पण गाडी उत्तम चालली, हे मान्य करायलाच हवे. मात्र पुढच्या काळात ओसाकातील अनेक मोठ्या कंपन्यांनी आपली मुख्य कार्यालये टोकियोला हलवली. या ओढीला जपानी लोकांनी शीतपेयाच्या नळीची उपमा दिली आहे. नळीला दोन तोंडे असतात, ओढणारे तोंड मात्र एकच असते. इंग्लंडमध्ये लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या वेगवान मार्गाचा मँचेस्टरचा टप्पा २०२३ साली रद्द झाला. घोषणाही मँचेस्टरमध्येच झाली. जो भाग मागास म्हणून ही योजना विकली गेली, नेमका तोच वगळला गेला.

मी रेल्वेचा विरोधक नाही. माझे वडील मनमाडच्या बाजूला गँगमध्ये होते. त्यांच्या पासावर मी शिकलो. १९३० साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी बाहेरगावाहून आलेल्या आपल्या माणसांपैकी कित्येकजण तिसऱ्या वर्गातून नाशिकरोडला उतरले. गाव सोडता येते हे आपल्या पिढ्यांना रेल्वेने शिकवले. ते काम वेगाने केले नाही. स्वस्त तिकिटाने केले, जवळजवळच्या थांब्यांनी केले, आणि रुळांवरच्या नोकरीने केले.

तरीही त्या जुन्या रेल्वेचे गोडवे गाऊ नयेत. १९२९ साली बाबासाहेब याच मार्गावरच्या चाळीसगावला उतरले. तोवर ते मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते, बॅरिस्टर होते. पण स्टेशनाबाहेरचा टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्याच एका अननुभवी माणसाने टांगा हाकला, तो मोरीवर उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. पुढे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेबच होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही त्यांची मांडणी आपण वारंवार उद्धृत करतो. त्याच भाषणातला एक साधा तपशील विसरतो. अस्पृश्य माणूस गँगमनच का राहतो, पोर्टर का होत नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, आणि स्टेशनमास्तरला आपल्या घरात अस्पृश्य चालत नसे. रेल्वेचा लाभ कुणाला, हे रुळावर नव्हे तर स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघराच्या दारात ठरत होते. रेल्वेवर इतके नेमके समाजशास्त्रीय विधान मी दुसरीकडे वाचलेले नाही.

ही कसोटी नव्या गाडीला लावा. थांबे थोडे, तिकीट महाग, आणि नोकऱ्या? देखभालीची कामे आता मोठ्या प्रमाणात ठेकेदाराकडे जातात, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर राखीव जागा नसतात. जमिनीचे काय? सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला मोबदला. २०१३ च्या कायद्याने तीन वर्षे राबलेल्या शेतमजुरालाही प्रकल्पबाधित मानले, ही चांगली गोष्ट. पण ज्याला रोज हातात रोकड मिळाली, त्याने तीन वर्षे कोणत्या कागदाने सिद्ध करायची? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे लढे उभारले, ते याच जिल्ह्याचे. त्या लढ्यांनंतरही ज्यांच्या नावावर गुंठा लागला नाही, त्यांना हा प्रश्न विचारून पाहावा.

सगळेच मार्ग सारखे नाहीत. नाशिक–पुणे मार्ग, सुमारे २३५ किलोमीटरचा आणि १६ हजार कोटींचा, मला वेगळा वाटतो. तो मुंबईला वळसा न घालता दोन शहरे जोडतो. तो नारायणगावजवळच्या खोडदच्या महादुर्बिणीपाशी अडला आणि मग शिर्डीच्या बाजूने नेण्याचे बोलणे सुरू झाले. आकाशातून येणाऱ्या लहरींची काळजी घेतली गेली, याचे मला वाईट वाटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मनमाड–इंदूर मार्गाकडे तर आवर्जून पाहावे. ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटी, आणि नवी स्थानके तीस. बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरमध्ये बारा. खर्च जवळजवळ सहापट. या दोन आकड्यांवर त्या परिसंवादात एकही वक्ता बोलला नाही. मीही व्यासपीठावर होतो आणि मीही बोललो नाही.

परिसंवादाचा वृत्तान्त नंतर छापून आला. त्यात सर्व वक्त्यांची नावे आहेत, माझेही आहे. सुरगाण्याच्या मुलीचा प्रश्न नाही.