‘मानवी चूक’ या शब्दाची चिकित्सा

वांद्र्यात बसून विमान आणि माणूस यांच्याविषयी बोलायचं, तर सुरुवात इथल्याच समुद्रापासून करायला हवी.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘एम्परर अशोका’ हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर कोसळलं. २१३ जण होते, एकही वाचला नाही. विमान उजवीकडे वळून सरळ झालं होतं. पण त्याचा कल दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण उजवा कलच दाखवत राहिलं. बाहेर अंधार, खाली काळा समुद्र, क्षितिज कुठेच नाही. कॅप्टननी उपकरणावर विश्वास ठेवला आणि विमान डावीकडे झुकवत नेलं. फ्लाइट इंजिनियर ‘त्याच्यावर विसंबू नका’ अशा अर्थाचं बजावत होते, पण तोवर वेळ संपली होती.

चौकशीचा निष्कर्ष काय? उपकरण बिघडलं, आणि इतर उपकरणं असूनही वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. हे खरंच आहे. पण एवढ्यावर थांबून आपण ‘मानवी चूक’ म्हणतो आणि फाइल बंद करतो, तिथे आमचा आक्षेप आहे.

आपल्याकडे मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःप्रमाण असतं. बाधक ज्ञान येईपर्यंत ते खरंच धरायचं. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं: पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, मग ते पाणी. आता बघा, कॉकपिटमध्ये माणूस मीमांसकासारखाच वागणार. रोज हजारदा खरं बोलणाऱ्या काट्यावर तो शंका कशी घेईल? आणि नैयायिकाची कसोटी लावायला तिथे सवड नाही. म्हणजे बाधक ज्ञान वेळेत आणि ठळकपणे पोचवणं हे यंत्र रचणाऱ्याचं काम झालं. ते रचनेत नसेल, तर चूक एकट्या वैमानिकाची कशी?

दुसरं उदाहरण. १४ फेब्रुवारी १९९० ला इंडियन एअरलाइन्सचं मुंबईहून निघालेलं नवं कोरं एअरबस ए३२० बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. १४६ पैकी ९२ जण गेले. इथे कुठलाही काटा खोटं बोलत नव्हता. स्वयंचलित यंत्रणा ‘ओपन डिसेंट’ अवस्थेत होती, इंजिनं मंद, वेग घटत चाललेला. हे उशिरा लक्षात आलं. या विमानात स्वयंचलित व्यवस्था इंजिनाची ताकद बदलते तेव्हा हाताखालची थ्रस्ट लिव्हर हलत नाही. बदल पडद्यावर दिसतो, हाताला कळत नाही. वैमानिकांनी वेगाकडे बघायला हवं होतं, हे आम्ही नाकारत नाही. पण जे हाताला कळायचं ते फक्त डोळ्यावर ढकललं, हाही कुणीतरी कागदावर घेतलेला निर्णयच ना?

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच हा विरोधाभास मांडला होता: सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे सर्वांत अवघड क्षण तेवढा उरतो, आणि सरावही सुटलेला असतो. स्वयंचलनाने विमानप्रवास अधिक सुरक्षित झाला, हे मान्यच. म्हणूनच उरलेले अपघात नेमके या सांध्यावर होतात.

आता अभियांत्रिकीच्या शिक्षणाकडे येऊ, आणि इथे कबुलीही द्यायला हवी. आम्ही अभियांत्रिकीच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवायला जायचो. एका मुलाने विचारलं, “सर, दोन मीटर वेगवेगळं दाखवत असतील तर कुठला खरा मानायचा?” आम्ही म्हणालो, हा प्रयोगशाळेचा प्रश्न, तिकडे विचार. प्रयोगशाळेत त्याला सांगितलं, मीटर तपासून आणलेले आहेत, रीडिंग घे. दोन्हीकडून त्याची बोळवण झाली. आज वाटतं, त्या वर्षातला तोच एक खरा प्रश्न होता.

आपल्या नियंत्रणशास्त्राच्या आकृत्यांत चौकोन असतात, बाण असतात. त्या बाणाशी बसलेला, दमलेला, वरिष्ठाला टोकायला कचरणारा माणूस नसतो. तो ‘ऐच्छिक’ विषयात गेला. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न सक्तीचा करा: तुमचं यंत्र खोटं बोलू लागलं, तर समोरच्या माणसाला ते कशावरून कळेल, आणि किती सेकंदांत?

उत्तर आलं नाही, तर गुण कापा. ती चूकही मानवीच, पण ती वैमानिकाची नव्हे.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.