‘द पार्टनरशिप’ : संयुक्त अंतराळ मोहिमेतील संवादाचा एकपक्षीय इतिहास

एडवर्ड व लिंडा इझेल या लेखकद्वयाचा ‘द पार्टनरशिप’ (१९७८) हा ग्रंथ म्हणजे अपोलो-सोयूझ मोहिमेचा नासाने प्रसिद्ध केलेला इतिहास होय. दोन्ही यानांची जोडणी १७ जुलै १९७५ रोजी झाली. परंतु ग्रंथाचे खरे महत्त्व त्यापूर्वीच्या तांत्रिक वाटाघाटींच्या चित्रणात आहे.

अपोलोमध्ये वातावरणाच्या सुमारे एकतृतीयांश दाबाचा शुद्ध प्राणवायू असे, तर सोयूझमध्ये समुद्रसपाटीच्या दाबाची नायट्रोजनमिश्रित हवा. हा भेद केवळ दुभाष्यांच्या साहाय्याने मिटणारा नव्हता. संयुक्त कार्यगट, उभयमान्य कागदपत्रे आणि एकत्रित चाचण्या यांतून त्यावर मार्ग निघाला. उड्डाणकाळात प्रत्येकाने दुसऱ्याची भाषा बोलावी, असे ठरले. त्यामुळे सुबोधतेची जबाबदारी बोलणाऱ्यावर आली. जोडयंत्रणाही अशी घडविली गेली की, कोणतेही यान सक्रिय भूमिका घेऊ शकेल. समतेचे तत्त्व येथे यंत्ररचनेतच उतरले.

तथापि, ग्रंथाचा दृष्टिकोन मुख्यतः अमेरिकी आहे. १९७१ मध्ये सोयूझ-११ मधील तीन अंतराळवीरांचा मृत्यू झाल्यावर सुरक्षिततेविषयी प्रश्न उपस्थित होणे अटळ होते. मात्र त्या प्रश्नांना सामोरे जाणाऱ्या सोव्हिएत अभियंत्यांची मनोभूमिका येथे पुरेशी उलगडत नाही. संवादाचा इतिहास एकाच बाजूने लिहिला गेला की, दुसरी बाजू केवळ उत्तरदायी ठरते. म्हणून या मौलिक ग्रंथाला रशियन साधनांची जोड देणे अभ्यासकांसाठी अगत्याचे आहे.