जोडा : एका शब्दाची जातकुळी

मराठीतील शब्द निष्पाप असतात, अशी आपल्या प्रस्थापित समीक्षेची समजूत आहे. शब्दाला अर्थ असतो, छटा असते, नाद असतो. त्याला जातही असते, हे मात्र ती मान्य करीत नाही. ‘जोडा’ हा एक साधा शब्द घेऊन मी ही समजूत तपासू इच्छितो.

जोडा म्हणजे दोन. व्याकरणात दोन व्यंजने एकत्र आली की जोडाक्षर होते. गोठ्यात बैलांची जोडी असते. मंडपात वधूवर उभे राहिले की वडीलधारी माणसे ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ म्हणतात. आणि पायात घालतो तोही जोडाच.

कोशात हे अर्थ शेजारी बसतात. समाजात ते एका पंक्तीला बसत नाहीत. मंडपातला जोडा पूजेचा, पायातला अपमानाचा. जोडे मारतात, जोडे उचलायला लावतात, ‘पायाची वहाण पायीच बरी’ असे सुनावतात. ही म्हण वहाणेविषयी नाहीच. ती माणसाला त्याची पायरी दाखवण्यासाठी आहे. फार उपकार झाले की ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी ते फिटणार नाहीत’ असे म्हणण्याची रीत आहे. असे बोलणाऱ्याच्या सात पिढ्यांत बहुधा कुणी कातडे कमावलेले नसते. ज्यांनी ते कमावले त्यांच्या वाट्याला भाषेचा अलंकार आला नाही, विटाळ आला.

आता आमच्या सिंधुदुर्गाकडे वळू. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला नवसाचा म्हणून चामड्याच्या भल्यामोठ्या चपलांचा जोड वाहतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. एरवी वहाणा देवळाबाहेर काढायच्या. इथे वहाणच देवापुढे ठेवली जाते. यातली गूढरम्यता पाहून थांबणे सोपे आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. चामडे देवापुढे पवित्र ठरू शकते, तर विटाळ चामड्यात कधी नव्हताच. मग तो कुठे होता? तो चामडे हाताळणाऱ्या माणसाच्या माथी मारलेला होता. वस्तूचा विटाळ एका नवसाने फिटतो. माणसाचा फेडायला चळवळ लागते.

ती चळवळ २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे उभी राहिली. काही वर्षे सत्याग्रह चालूनही दार उघडले नाही. त्याच १९३० साली आरवलीच्या शेजारी शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. मिठावरचा हक्क देशाचा प्रश्न ठरला. देवळाच्या पायरीवरचा हक्क मात्र ‘त्यांचा’ प्रश्न ठरला.

जून २०२५ मध्ये प्राडा या कंपनीने मिलानला कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या आणि आरंभी मूळ कारागिरीचा उल्लेख केला नाही, तेव्हा महाराष्ट्राची अस्मिता दुखावली. ते रास्तच होते. पण दुखावलेल्यांपैकी किती जण त्या कारागिराच्या घरी सोयरीक जोडतील?

इथे पायातला जोडा आणि मंडपातला जोडा समोरासमोर येतात. ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ म्हणून कौतुक करण्याआधी पत्रिका जुळवलेली असते आणि पत्रिकेआधी जात. पुढे जोडवी येतात. त्यांच्या नावात दोघे आहेत, पण ती घालायची एकटीने. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी भाषण लिहिले. मंडळाने ते अधिवेशनच रद्द केले, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापून काढले. जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याआड येणारे शास्त्रांचे प्रामाण्य मोडले पाहिजे, हे त्यांनी त्यात सांगितले. जोडायचे असेल तर आधी काय तोडायचे, हे त्यांनी नेमके दाखवले. तोडायची तयारी नसलेली समरसता म्हणूनच मला पोकळ वाटते.

शाळेत व्याकरण शिकवणाऱ्या मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. जोडाक्षरात एका अक्षराला अर्धे व्हावे लागते. गावगाड्याने आम्हाला असेच अर्धे करून स्वतःला जोडून घेतले होते. द्वंद्व समासात मात्र दोन्ही पदे प्रधान असतात. आम्हाला समाजात ते व्याकरण हवे आहे.